बाभळीच्या काट्यावर गाणारी पोरगी

वैजू, ये बाई, अशी जवळ येऊन बस. पुण्यात राहून जवळ कसं यायचं ते तुझं तू बघ. हा कागद हातात घेतलास म्हणजे तू माझ्या ओट्यावर आलीस असं मी धरून चालते. आणि आल्या आल्या दोन शब्द ऐकून घे. रागाचे नाहीत, पण बोलल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही. कोणाची वस्तू दुरुस्तीला न्यायची तर आधी विचारावं, बाई, ही बिघडली आहे का? तू विचारलं नाहीस. मागल्या दिवाळीत आलीस, माझ्या लुगड्याच्या फडक्यातून ती पिवळ्या कागदाची गाण्याची तबकडी काढलीस, 'मावशी, माझ्या ओळखीचे एक जण जुन्या तबकड्या साफ करून देतात' म्हणालीस आणि पिशवीत घालून घेऊन गेलीस. आता चैत्रात फोनवर गाणं पाठवलंस. खाली लिहिलंस, 'आता नीट ऐक.'

मी नीट ऐकलं. माझी पोरगी त्यात नव्हती. तिच्या जागी एक जाड आवाजाचा बाप्या गात होता, हळूहळू, जसा कोणी भरली गाडी घेऊन घाट चढतो तसा. मी तुला फोन केला, म्हटलं, वैजू, दुसरंच गाणं आलं. तू हसलीस. 'दुसरं नाही मावशी, तेच आहे. ही लहान तबकडी हळू फिरवायची असते, मिनिटाला पंचेचाळीस फेरे. तू साठ वर्षं ती पळवत होतीस.'

पळवत होते म्हणे. असेल. पण सांग, आता मी दुपारी कोणाजवळ बसू?

सध्या लग्नसराई आहे. आमच्या देऊळगाव राजात जालना रोडला मोठमोठी मंगल कार्यालयं झालीत, आणि वरातीचा तो डीजेचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला की माझ्या फडताळातले कप आपोआप एकमेकांना भेटतात. दारातल्या कडुलिंबाचा मोहोर गळून ओट्यावर पिवळा सडा पडतो. मी झाडते, परत पडतो. पत्रिका अजून येतात, पण दारातून आत सरकवलेल्या. पूर्वी अक्षत घेऊन माणूस यायचा, पाणी प्यायचा, कोणाची सून कशी निघाली ते सांगून जायचा. आता पत्रिकेवर माझं नाव कंप्युटरनं छापलेलं असतं आणि आणणारा मोटारसायकलवरून उतरतही नाही.

माझ्या संसाराची सगळी वर्षं या एका ऋतूनं खाल्ली. तुझे काका भोंगेवाले, लग्नात भोंग्यावर गाणी वाजवायचे. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा माझं लग्न झालं, आणि आमच्याच लग्नात ह्यांनी मुंडावळ्या बांधलेल्या असताना दोनदा उठून भोंग्याची वायर नीट केली. भटजी म्हणाले, "नामदेवराव, बसा आता." हे म्हणाले, "बसतो जी, पण खरखर तुम्हाले ऐकू नाही येऊन राह्यली काय?" त्या दिवशीच मी समजून चुकले की हा माणूस लग्नातला आहे, घरातला नाही.

चैत्र उजाडला की सायकलच्या कॅरिअरला भोंगा, पुढे बॅटरी, पाठीला तबकड्यांची पेटी, की निघाले. लांबचं गाव असलं तर एसटीच्या टपावर. आज सुलतानपूर, परवा मेहकरकडे, मधेच सिंदखेडराजाच्या बाजूला. ज्येष्ठ अर्धा सरेपर्यंत दहा-बारा दिवसांतून एकदा घरी यायचे, कपडे बदलायचे, परत जायचे. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. बालाजीच्या देवळामागे दोन खोल्या, मी, आणि वाळवणं. मूल आम्हाला झालं नाही, ते तुला ठाऊकच आहे.

वारा बरा असला तर जवळच्या गावचा भोंगा माझ्या ओट्यापर्यंत ऐकू यायचा. मी पापड उलटता उलटता ओळखायची, आता पंगत बसली, आता नवरी निघाली. प्रत्येक वेळेची तबकडी ठरलेली होती. नवरी निघाली की माझेही डोळे भरायचे, कोणाची लेक ते ठाऊक नसताना. सगळ्या तालुक्याला गाणी ऐकवणारा माझा नवरा, आणि मला त्यातलं वाऱ्यानं उरवलेलं.

तबकड्या हे भुसावळहून आणत. दिवाळीनंतर एकदा जायचे. तिथल्या रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं त्या काळात एकेक करून विलायतेकडे चालली होती, आणि त्यांचं सामान जुन्या बाजारात गठ्ठ्यानं मिळायचं. हिंदी हव्या असतील तर सोबत इंग्रजी घ्याव्याच लागायच्या. लग्नात त्या कोण ऐकणार? मग हे त्यांच्या वाट्या करायचे. तबकडी उकळत्या पाण्यात मऊ करायची आणि पालथ्या तांब्यावर दाबायची, की तिची कडा फुलासारखी वळते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका त्यात ओले हरभरे वाटायच्या. गावात बऱ्याच घरी अशा वाट्या होत्या.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतली गोष्ट. पाणी उकळत होतं, हे एकेक तबकडी आत सोडत होते. मी फुंकणी घेऊन बसले होते. म्हटलं, "यात कोणाचा आवाज हाय?"

"हाय कोणीतरी गोरा."

"तो जिवंत असंल काय?"

"मले काय माहीत व?"

"मग जिवंत माणूस काऊन शिजवून राह्यले?"

हे हसले, पण हात थांबला. "तुले इंग्रजी समजते काय?"

"तुम्हाले तरी कुठं समजते?"

नऊ तबकड्या त्या दिवशी माझ्या झाल्या. तिथून माझा हा नाद सुरू झाला. पुढच्या वर्षी मीच सांगितलं, "माह्यासाठी बी आणजा." मग हे माझ्यासाठी वेगळ्या निवडून आणायला लागले. इंग्रजी अक्षर दोघांनाही लागत नव्हतं, म्हणून कागदाच्या रंगावरून, चित्रावरून. कोणावर घोडा, कोणावर चांदण्या. काहींच्या कागदावर आधीच्या मालकिणीनं निळ्या शाईनं आपलं नाव लिहिलेलं. ती अक्षरं मी बोटानं गिरवायची. वाटायचं, ही बाई जहाजात बसताना काय काय घेऊन गेली असेल, आणि हे नेमकं काऊन मागे ठेवलं असेल.

तू मला म्हणालीस की तुझे ते पुण्याचे ओळखीचे गृहस्थ तू लिहून नेलेली माझ्या तबकड्यांची यादी बघून चाट पडले. काही गायकांची नावं त्यांनाही कुठं सापडेनात. मला त्यांच्यात दोनच जाती ठाऊक होत्या. एक उखळातली गाणी. त्यात ढोल असा पडायचा की मुसळ आपोआप उचललं जायचं. एका गाण्यात पाव शेर मिरची कुटून होई. दुसरी गाडीवाटेची. त्यात बैल दुडक्या चालीनं चालल्यासारखा ठेका, मागे एक तार लांब रडायची, आणि मधेच गाणारा असा गळा उलटायचा जसा आमच्याकडचा गुराखी या टेकडीवरून त्या टेकडीवर हाक घालतो. म्हणजे तिकडंही गुरं असतील, टेकड्या असतील, आणि हाकेला ओ द्यायला कोणी नसेल. इतकं मला भाषेवाचून समजत होतं.

वाजवायला माझ्याकडे सासऱ्यांचा जुना फोनो होता, चावीचा, मोठ्या तबकड्यांच्या एकाच वेगानं फिरणारा. ह्यांचं बॅटरीचं मशीन वेगळं. ते ह्यांच्यासोबत फिरायचं, आणि घरी असलं तरी मी त्याला पुसण्यापुरताच हात लावायची. फोनोची लोखंडी पिन लहान तबकड्यांना सोसायची नाही. एका वाजवण्यात पांढरी भुकटी निघाली तेव्हा मी ती लगेच उचलली. मग मी बाभळीचा काटा लावून पाहिला. चांगला पांढरा, लांब काटा घ्यायचा, फार जून नाही, सुरीनं तिरपा तासायचा. एका गाण्याला एक काटा. फोनोच्या तोंडाची ती जड डबी दोऱ्यानं वर खिळ्याला टांगली, म्हणजे तिचं ओझं कमी पडे. तबकडीच्या मधलं भोक मोठं असायचं, त्यात वाळल्या भोपळ्याची चकती बसवली. आवाज एवढासाच यायचा, शेजारच्या खोलीत कोणी बोलावं तसा. पण मला शेजारच्या खोलीत कोणी असणंच हवं होतं.

एकदा पापडाच्या खाटेवर एक तबकडी विसरले. वैशाखातलं ऊन. संध्याकाळी पापड गोळा केले तर तीही कडेनं वळलेली. ह्यांनी पाहिली आणि म्हणाले, "आता तळून घे."

ती पिवळ्या कागदाची तबकडी तिसऱ्या वर्षीची. लावली आणि एक बारीक, घाईघाईचा आवाज आला. सात-आठ वर्षांची पोर शाळेतून धावत येऊन दप्तर न टाकताच सांगायला लागते ना, तसा. माझी चकती जराशी वाकडी होती, त्यामुळे तिचा आवाज मधेच हेलकावा खायचा, जशी ती एका पायावर उड्या मारत बोलते आहे. शेवटी हसल्यासारखं काहीतरी करायची आणि गाणं संपायचं. मी परत काटा तासला.

रोज दुपारी जेवण झालं की एकदा. फक्त एकदा, कारण झिजली तर परत मिळायची नाही. तिला मी नाव ठेवलं नाही. पोरगी म्हणायची. शेवया वळताना तिला सांगायची, आज ऊन लई हाय बाई, बाहेर नको जाऊस.

शेजारी गोदाकाकू होत्या, कानानं तिखट. एका दुपारी भिंतीपलीकडून विचारलं, "काय व, कोण पाव्हणं आलं? पोरगी बोलून राह्यली तुह्या घरात."

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "हाव, बहिणीची."

अर्ध्या तासानं काकू दारात. एका हातात कढीची वाटी, दुसऱ्यात गुळाचा खडा. "कुठं हाय ती?"

"झोपली."

"उन्हानं दमली असंल. उठली की दे." काकूंनी आत डोकावूनही पाहिलं नाही. कढी मी प्याले, गूळ मी खाल्ला, आणि मग वाटी घासता घासता रडले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, पोरगी गेली गावाला. त्यानंतर फोनो आतल्या खोलीत, दार लावून.

हे एकदा अचानक दुपारी आले. सुलतानपूरचं लग्न आटोपून एसटीनं उतरले होते, दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. मी पाठमोरी बसले होते. किती वेळ दारात उभे होते कोण जाणे. माझ्या लक्षात आलं तशी मी डबी उचलायला धावले. चोरी पकडल्यासारखं झालं मला.

हे म्हणाले, "राहू दे. पोरगी दमली नाही अजून."

भिंतीला टेकून गाणं संपेपर्यंत ऐकलं. तेव्हापासून लग्नाहून आले की चपला काढता काढता विचारायचे, "पोरगी बरी हाय?" मीही सांगायची, हाव, बरी हाय, आज जरा घोगरी गायली.

आता जे सांगते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी आमच्याच गल्लीत लग्न होतं, गोदाकाकूंच्या पुतणीचं. भोंगा आमच्याच लिंबावर. मी सकाळी पिवळी तबकडी फडक्यातून काढून ह्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "एकदा हिले भोंग्यावर लावा. गावाले ऐकू द्या."

"नको."

"काऊन? पंगतीच्या मधे लावा. कोण काय म्हणते?"

"भोंगा तिले सोसणार नाही."

"मोठ्या तबकड्या सोसते, हिलेच काऊन नाही?"

ह्यांनी वायरीत तोंड घातलं. "नको म्हणलं ना. ती घरचीच बरी."

बाई गं, मला जे लागलं. साऱ्या तालुक्याच्या लेकींना वाजत-गाजत पाठवता, माझ्या एका पोरीला अंगणात नेत नाही. माझी म्हणून तिची लाज वाटते. वाकडी चकती, बाभळीचा काटा, असल्या खुळाला लोक हसतील म्हणून. मी असं धरलं. आठ दिवस बोलले नाही. पुढे बोलले, पण ते बोललेलं आणि न बोललेलं यात फार फरक नव्हता. एकदा बुलढाण्याच्या एका साहेबाच्या घरचं लग्न आलं, त्यांना इंग्रजी गाणी हवी होती. ह्यांनी माझ्या पेटीतल्या सगळ्या लहान तबकड्या नेल्या, ही एक फडक्यात ठेवून गेले. मी म्हटलं, बघा, परत तेच. त्या दिवशी माझ्या मनात जो काटा गेला तो मी कधी तासला नाही, तसाच ठेवला. पुढे कॅसेटी आल्या, भोंगा माळ्यावर गेला, हे दुखण्यानं खाटेला खिळले. शेवटच्या दिवसांतही एकदा विचारलं, "पोरगी बरी हाय?" मी म्हटलं, "तुम्हाले काय करायचं?" ह्यांनी मान दुसरीकडे वळवली. ते माझं उत्तर, वैजू, माझ्याच्यानं परत घेता येत नाही.

तू फोनवर हसत हसत सांगितलंस, लहान तबकडी हळू फिरवायची असते, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. सगळ्यांना, म्हणालीस. फोन ठेवला आणि मी शिडी लावली. या वयात शिडी काऊन चढलीस म्हणून रागावू नकोस, शेजारची सून खाली धरून उभी होती. माळ्यावरून ह्यांचं मशीन उतरवलं. शंभरदा पुसलेलं. त्याच्या कोपऱ्यात एक खटका आहे, त्यापुढे तीन खाचा. वरच्या खाचेशी रंग घासलेला, ती मोठ्या तबकड्यांची. आणि मधल्या खाचेशी, तुझ्या त्या पंचेचाळीसच्या आकड्यापाशी, रंग त्याहून जास्त उडालेला. नुसता पत्रा दिसतो.

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. दारात उभे राहून ऐकलं त्या दुपारीच ठाऊक होतं. ह्यांच्या मशीनवर ती तबकडी गेली असती तर अख्ख्या गल्लीसमोर, भोंग्यातून, माझ्या पोरीचा बाप्या झाला असता. आणि मुद्दाम पळवून लावावी, तर भोंग्यावर साधी खरखरही चालत नाही असं भटजींनाही सांगून बसलेले; चुकीच्या वेगानं ते कसे लावणार? तेव्हा नको म्हणाले, आणि माझा राग सोसला. एकदा सांगून टाकलं असतं तर आठ दिवसांचा अबोला तरी मिटला असता. पण मग ते आल्यावर कोणाबद्दल विचारणार, बरी हाय म्हणून?

शेजारची सून म्हणाली, "आजी, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, माळ्यावरची धूळ.

त्या बाप्यावर माझा राग नाही. त्यानं म्हणे दोनच गाणी केली, मग कुठं गेला कोणाला माहीत नाही, असं तूच सांगितलंस. मी फोनवर त्याचं गाणं रोज एकदा ऐकते. अजून नीट ओळख झाली नाही. थकलेला वाटतो. एसटीतून उतरून, पाठीवर पेटी घेऊन, उन्हात कोणी घरी येत असावं आणि दारात बायको पाठमोरी बसलेली दिसल्यावर तिथंच थांबावं, अशी त्याची चाल आहे. पोरगी मात्र मला आता आठवणीतून ऐकू येईना. आठवायला गेलं की तो मधे येतो.

म्हणून सांगते, तबकडी घेऊन लवकर ये. पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः ये. पुण्याहून जालन्यापर्यंत गाडी आहे, पुढे बस. आधी फोनोवर लावू, माझ्या वाकड्या चकतीवर, पळवत. मग ह्यांच्या मशीनवर, मधल्या खाचेत, आणि भोंगा लिंबावर बांधू. गल्लीला काय हसायचं ते हसू दे. मला तिथं एका माणसाला उत्तर द्यायचं राहिलं आहे. कढी करून ठेवीन. काटे कालच तोडून आणून तासले आहेत, पण लवकर ये बाई, हे काटे फार वाळले की ठिसूळ होतात.